डोलकाठीच्या बुडाशी दडलेले वय

29 मे 2025 रोजी ‘आयएनएसव्ही तारिणी’ पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यात परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी सुमारे 25,600 सागरी मैलांचे अंतर शिडांच्या बळावर कापले होते. देशभर त्यांचे कौतुक झाले आणि ते सर्वस्वी उचित होते. बोटीच्या वाट्याला मात्र बातम्यांतील एखाददुसरी ओळ आली. तारिणी 2017 साली नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांसह पहिल्या प्रदक्षिणेला निघाली. दुसऱ्या फेरीच्या आरंभी तिची सात वर्षे भरली होती. तिची थोरली बहीण ‘म्हादेई’ तर 2009 सालची. बोट जुनी होते म्हणजे तिच्यात नेमके काय जुने होते, हा प्रश्न विज्ञानवार्तांत क्वचितच विचारला जातो.

डोलकाठी वाऱ्याने मोडते, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा आधी निकामी होतो तो तिच्या आधाराचा एखादा हातभर तुकडा. डोलकाठी चहूबाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेली असते. बाजूची तार डोलकाठीशी 10 अंशांचा कोन करते असे धरू. माथ्यावर 1 किलोन्यूटन इतके आडवे बल आले, तर ते पेलण्यासाठी तारेत सुमारे 5.8 किलोन्यूटन ताण निर्माण व्हावा लागतो; आणि तीच तार डोलकाठीला सुमारे 5.7 किलोन्यूटन बलाने खाली दाबते. अकरावीच्या विद्यार्थ्याला सुटणारे हे गणित आहे, तरी त्याचे उत्तर प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. हा सारा ताण शेवटी चेनप्लेट नावाच्या, डेकमधून खाली उतरून बोटीच्या सांगाड्याला बोल्टांनी जखडलेल्या पट्टीवर येतो. दाब येतो डोलकाठीच्या बैठकीवर. डोलकाठी डेकवरच टेकवलेली असेल, तर डेकखालच्या एका खांबावर.

चेनप्लेट बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. या पोलादाचे रक्षण करतो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. तो खरवडला तरी हवेतील ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो. पट्टी डेकमधून जाते त्या फटीत मात्र खारे पाणी अडकून राहते. तेथील ऑक्सिजन संपतो, क्लोराइडचे प्रमाण वाढते, थर तुटतो आणि पुन्हा धरत नाही. वरचा भाग आरशासारखा चकचकीत दिसत असतानाच आतील दोन-तीन सेंटिमीटरांत धातू पोखरला जातो. ताण सर्वाधिक असतो त्याच्या वाटेवरच ही फट यावी, हे दुर्दैव. साधे लोखंड निदान गंजून तांबडे होते आणि स्वतःची अवस्था उघड सांगते; ‘स्टेनलेस’ या नावाने अनेकांची फसगत केली आहे.

फायबरग्लासच्या डेकची कथा वेगळी नाही. वरखाली फायबरग्लास आणि मध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा, अशी रचना जुन्या बोटींत सर्रास आढळते. एका सैल स्क्रूच्या भोकातून झिरपलेले पाणी गाभ्यापर्यंत पोहोचते आणि वर्षानुवर्षे तेथेच मुरते. डोलकाठीखालील डेक किंचित खचला, खालच्या खांबाजवळचे दार अडकू लागले, तारा विनाकारण ढिल्या पडल्या, ही त्याची लक्षणे. अडकणारे दार रंधा मारून सरळ करणारेही असतातच!

म्हणून या सुट्या भागांचे आयुष्य त्यांच्या चकाकीवरून ठरवणे अशास्त्रीय आहे. ते वर्षे आणि मैल यांवर मोजले जावे, ठरावीक मुदतीने चेनप्लेट उतरवून तपासली जावी आणि शंका येताच बदलली जावी. काम कंटाळवाणे आहे. पट्टीपर्यंत हात पोहोचण्यासाठी केबिनमधील कपाटे व फळ्याही काढाव्या लागतात. परंतु दक्षिण महासागरात, जवळचे बंदर आठवड्यांच्या अंतरावर असताना, ही तपासणी करता येत नाही.

अशा बोटींतून उतरवलेल्या जुन्या पट्ट्या भंगारात जाऊ न देता अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या धातुशास्त्र प्रयोगशाळांना मिळाव्यात. चाचणी स्वस्त आणि सोपी आहे: पृष्ठभागावर तांबडे रंगद्रव्य लावायचे, थोडा वेळ थांबून पुसायचे, वर पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर काही मिनिटांत त्या पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटते.