आंबोलीत जागा घेण्याआधी

पावसाळी आंबोली पाहून परतणारा हमखास विचारतो, ‘इथे गुंठ्याचा भाव काय?’ त्याआधी एक समजून घ्या. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर (म्हणजे गावाच्या सामाईक वहिवाटीच्या) जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला; कसणाऱ्यांनाच सातबाऱ्यावर नावासाठी झगडावं लागलं. शिवाय ज्या जांभ्या सड्यावर बंगल्याचा पाया आखला जातो, तिथल्याच बोटभर पाण्याच्या डबक्यांत आंबोली टोड अंडी घालतो. हा भेक आंबोलीच्या परिसराबाहेर सहसा सापडत नाही! इथल्याच हिरण्यकेशी नदीच्या उगमकुंडातल्या एका माशाची नवी प्रजात म्हणून नोंद झाली तीही २०२० साली. राहायचंच असेल, तर आधी एक अख्खा पावसाळा भाड्याने राहा. भिंतींवरची बुरशी, वाळता न वाळणारे कपडे, दवाखान्यासाठी धुक्यातून घाट उतरणं अनुभवा. पैसा गावकऱ्यांच्या घरगुती निवासांत जाऊ द्या. सडा मोकळाच राहू द्या.