सॅम कुकचे गाणे

4 नोव्हेंबर 2008 च्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये बराक ओबामा विजयाचे भाषण करायला उभे राहिले. फार काळ लागला, पण आज अमेरिकेत बदल आला, अशा अर्थाचे वाक्य ते बोलले. गायकाचे नाव त्यांनी घेतले नाही. तशी गरजही नव्हती. सॅम कुकचे 'अ चेंज इज गॉना कम' हे गाणे तिकडच्या काळ्या माणसांच्या घरांत तोवर 44 वर्षे वाजत होते.

सॅम कुक हा धर्मोपदेशकाचा मुलगा. चर्चमध्ये गाता गाता तो प्रेमगीतांकडे वळला आणि 1957 च्या 'यू सेंड मी'पासून गोऱ्या पोरापोरींचाही लाडका झाला. पैसा आला, मोटार आली, नाव झाले. ऑक्टोबर 1963 मध्ये लुईझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट शहरी त्याने एका हॉटेलात फोनवरून खोल्या राखून ठेवल्या. पत्नी आणि साथीदारांसह तो दारात पोचला. कारकुनाने चेहरे पाहिले आणि खोल्या शिल्लक नाहीत, असे सांगितले. या वाक्याची फोड आपल्या वाचकांना करून सांगायला नको. कुक चिडला, भांडला. सोबत्यांनी त्याला कसेबसे बाहेर काढले. मोटारीचा भोंगा वाजवीत मंडळी दुसऱ्या हॉटेलात गेली, तर तिथे पोलीस आले. गुन्हा कोणता? शांतताभंग!

त्याआधीच बॉब डिलनचे 'ब्लोइंग इन द विंड' त्याच्या मनाला लागले होते. असले गाणे एका गोऱ्या पोराने लिहावे आणि आपण लिहू नये, याची त्याला लाज वाटे. अखेर त्याने लिहिले. जानेवारी 1964 मध्ये ध्वनिमुद्रण झाले, मार्चमध्ये ते लाँगप्ले तबकडीवर आले. 11 डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात गोळी लागून कुक वारला. वय अवघे 33. त्यानंतर गाण्याची छोटी तबकडी निघाली. ती दुसऱ्या बाजूला, आणि तीतून एक कडवे गाळलेले. सिनेमागृहात, बाजारपेठेत काळ्या माणसाला हटकतात, असे सांगणारे नेमके तेच कडवे! माझ्या मते त्यावाचून गाण्यात नुसती आशा उरते. ती कुठल्या अपमानातून आली, ते कळत नाही.

पुढे ओटिस रेडिंगने ते गायिले, अरेथा फ्रँकलिनने गायिले. टीव्हीवरच्या गायनस्पर्धांतही ते असते. तिथे गळ्याची कसरत फार. स्पाइक लीच्या 1992 च्या 'माल्कम एक्स' चित्रपटात मात्र ते अंगावर येते. माल्कम मोटारीतून शेवटच्या सभेला निघाला आहे, आणि पाठीमागे कुक गातो आहे. 2020 च्या 'वन नाइट इन मायामी'त माल्कम कुकला डिलनवरून डिवचतो, त्यानंतर कुक टीव्हीवर हे गाणे म्हणतो. इतिहासात क्रम उलटा आहे. त्या रात्रीची तारीख 25 फेब्रुवारी 1964. कुकने टीव्हीवर गाणे म्हटले ते 7 फेब्रुवारीलाच. पण त्या कार्यक्रमाची चित्रफीत कंपनीने जपलीच नाही, तेव्हा नटाच्या तोंडून का होईना, तो प्रसंग पाहायला मिळाला, हे काय थोडे?

2019 साली श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी शहरातर्फे माफी मागितली आणि कुकच्या मुलीला सन्मानाने शहराची किल्ली दिली. महापौर स्वतः काळे होते.