आरोग्यचिंतन : हृदयाचा ताळेबंद

शाकाहारी घरातील तरुणास हृदयविकार होत नाही, हा समज घातक आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो. इतरत्र तो ५९ च्या सुमारास. विडी-सिगारेट, खर्रा, मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर आणि गादीवरचे बैठे दिवस ही त्याची कारणे होत. पेढीचा ताळेबंद दरवर्षी निघतो. रक्तातील साखर व रक्तदाबाचा मात्र राहून जातो. तो तिशीपासूनच काढावा.

बोदलकसा जलाशयाकाठी सहलीत कोणाच्या छातीत कळ उठून घाम फुटला, तर पित्त समजून सोडा पाजू नये. गोंदियाचे मोठे रुग्णालय तेथून दूर आहे. १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे. वाया गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो.