मात्रा अल्प, परिणाम अल्प नव्हे

संपादक महाशय,

वर्धा नदीत मेलेले मासे तरंगताना दिसत नाहीत, त्या अर्थी कपाशीवरील फवारणीचा जलचरांना उपसर्ग नाही आणि बेडूक घटले ते केवळ अवर्षणाने, हा आपल्या गतांकातील लेखकाचा निष्कर्ष मुळातच सदोष आहे. अवर्षणाचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु संप्रेरकांचे कार्य बिघडविणारी द्रव्ये जीव न घेताही वंश खुंटवितात, याची लेखकाने दखलच घेतलेली नाही.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००१ ते २००३ या काळात एका संपूर्ण सरोवरात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील असे मिसळले, तेव्हा नर माशांच्या अंगी अंड्याच्या बलकाचे प्रथिन निर्माण होऊ लागले आणि फॅटहेड मिनो ही लहान मासळी तेथून जवळजवळ नाहीशी झाली. ॲट्राझिन या तणनाशकाचे अब्जात अडीच भाग असलेल्या पाण्यात वाढविलेल्या आफ्रिकी बेडकांपैकी दहा टक्के नर प्रजननक्षम माद्या बनले, असे टायरॉन हेज प्रभृतींनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यास विरोधी ठरलेल्या एका प्रमुख प्रयोगाचा खर्च उत्पादक कंपनीनेच सोसला होता, हेही वाचकांस कळावे.

'सरकारमान्य औषध निर्धोक' हे लेखकाचे विधान तर टिकतच नाही. एंडोसल्फान हे कीटकनाशकही सरकारमान्यच होते आणि कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी मनाई हुकूम दिला.

वर्धा नदीच्या पाण्याची आणि त्यातील नर माशांची फवारणीच्या हंगामात रीतसर तपासणी होईपर्यंत 'उपद्रव नाही' असा निकाल देण्याचा अधिकार कोणासही नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
धामणगाव रेल्वे, जि. अमरावती