सहलीचे माहितीपत्रक



एस.टी. स्थानकावर किंवा रेल्वे स्थानकावर पर्यटनाची रंगीत भित्तिपत्रके तुम्ही पाहिली असतील. निळे आकाश, हिरवे डोंगर आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘निसर्गरम्य’, ‘अविस्मरणीय’ असे शब्द. त्यावरचे गावाचे नाव हाताने झाकून पाहा. ते कोणत्या गावाचे पत्रक आहे, हे ओळखता येईल का? बहुधा नाही. मग ते पाहून तेथे जाण्याची इच्छा तरी कशी होणार?

‘आजची मुले वाचत नाहीत, त्यांना फक्त चित्रे हवीत,’ असे पुष्कळ लोक म्हणतात. मला हे पटत नाही. तीच मुले क्रिकेटचा धावफलक किती बारकाईने वाचतात! मुलांना कंटाळा येतो तो पोकळ शब्दांचा.

छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे उदाहरण घेऊ. तेथील बीबी का मकबरा या वास्तूला ‘दख्खनचा ताज’ म्हणतात. पत्रकात एवढेच छापले, तर वाचणारा म्हणेल, ‘मग आग्र्याचा खरा ताजच पाहू!’ पण ताजमहाल पतीने पत्नीसाठी बांधला आणि हा मकबरा शाहजादा आझम शाहने आपल्या आईच्या आठवणीसाठी बांधला, असे सांगितले जाते. हे एक वाक्य लिहिले, तर कोणत्याही मुलाचे मन हलेल.

जवळच दौलताबादचा किल्ला आहे. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली. किल्ल्यात वर जाताना ‘अंधारी’ नावाचा काळोखा, वळणावळणाचा मार्ग लागतो. शत्रू त्यात गोंधळून जाई. पत्रकात ‘भव्य किल्ला’ असे लिहिण्याऐवजी ‘या अंधारातून तुम्हांला वाट सापडेल का?’ असे विचारले तर? तरुणांना आव्हान आवडते.

शहरातील पाणचक्कीचेही तसेच. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर येथे दळण दळले जाई. हे कसे होत असेल, असा प्रश्न विज्ञान शिकणाऱ्या मुलाला नक्कीच पडेल.

परंतु केवळ उत्सुकता वाढवून भागत नाही. पत्रक खरे बोलणारे हवे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. हे न छापल्यामुळे एखादी शाळा सोमवारी अजिंठ्याला पोहोचली तर? शहरापासून सुमारे १०० किलोमीटर प्रवास करून आलेली मुले बंद दारातून परत फिरतील. कितीतरी पालकांनी पोटाला चिमटा काढून सहलीचे पैसे दिलेले असतात. म्हणून एस.टी.चे भाडे, सुट्टीचा वार, चढाव किती, पिण्याचे पाणी कोठे मिळेल, हे सारे स्पष्ट छापावे. किल्ला चढताना दम लागतो, हेही लपवू नये. ज्याला सत्य सांगितले आहे, तो आनंदाने चढतो.

आणखी एक गोष्ट. जुन्या भिंतींवर कोळशाने किंवा खिळ्याने लिहिलेली नावे पाहून मन खिन्न होते. ही भिंत कोणी बांधली, किती कष्टाने बांधली, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, तो तिच्यावर रेघोट्या मारतो. चांगले पत्रक माणसाला नुसते बोलावत नाही, तेथे कसे वागावे हेही शिकवते.

मित्रांनो, हे काम तुम्हीही करू शकता. तुम्हांला उर्दू येते आणि तुम्ही मराठीही शिकत आहात. जुन्या इमारतींवरील फारसी लेखांची अक्षरे तुमच्या ओळखीची आहेत. तीच गोष्ट मराठीत सांगितली, तर तुमच्या मराठी मित्रांनाही तो दगड बोलका वाटेल. तुमच्या गावातील एखादी मशीद, मंदिर, वेस किंवा विहीर निवडा. वडीलधाऱ्यांना विचारा, स्वतः जाऊन पाहा आणि एका कागदावर दोन्ही भाषांत लिहा. ‘सुंदर’ हा शब्द मात्र लिहू नका. ती जागा सुंदर आहे की नाही, हे पाहणाऱ्यालाच ठरवू द्या.

स्वाध्याय
१. लेखकाच्या मते मुले कशाला कंटाळतात?
२. माहितीपत्रकात कोणती उपयुक्त माहिती असावी?
३. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूचे माहितीपत्रक दहा ओळींत तयार करा.