छडीला न जुमानणारी प्रार्थना

पोझनान शहराच्या पूर्वेस व्झेश्न्या नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाने आणि त्याच्या भोवतालच्या तालुक्याने राज्यकर्ते इतक्या वेळा बदललेले पाहिले, की तेथील एखाद्या घराण्याची वंशावळ म्हणजे युरोपच्या तहांची यादीच ठरावी. १७९३ च्या दुसऱ्या फाळणीत हा मुलूख प्रशियाने गिळंकृत केला. १८०७ मध्ये नेपोलियनच्या कृपेने तो वॉर्साच्या संस्थानात गेला आणि १८१५ मध्ये पुन्हा प्रशियाच्या पदरात पडला. नकाशावर गावाचे नाव ‘व्रेशेन’ झाले. पलीकडे रशियाची हद्द, अलीकडे बर्लिनचा अंमल आणि मध्ये बहुसंख्येने पोलिश, कॅथलिक शेतकरी.

प्रदेश जिंकला तरी माणसे जिंकली जात नाहीत, हे बिस्मार्कच्या लक्षात आले होते. म्हणून १८७० च्या दशकात शाळा आणि कचेऱ्यांतून पोलिश भाषा हद्दपार झाली. १८८७ मध्ये तर एक विषय म्हणूनही तिला शाळेत स्थान उरले नाही. तत्पूर्वी, १८८६ मध्ये, पोलिशांच्या जमिनी विकत घेऊन तेथे जर्मन शेतकरी वसविण्यासाठी दहा कोटी मार्कांचा निधी देऊन वसाहत आयोग स्थापन झाला होता. भाषा गेली, जमीन जाऊ लागली. उरली होती ती केवळ प्रार्थना.

१९०१ मध्ये व्झेश्न्याच्या शाळेत वरच्या वर्गांसाठी धर्मशिक्षणही जर्मनमध्ये देण्याचा आदेश निघाला. मुलांनी उत्तरे देण्याचे नाकारले. आईने शिकविलेली प्रार्थना परक्या भाषेत म्हणावयाची नाही, एवढाच त्यांचा हट्ट! २० मे रोजी चौदा मुलांना छडीने झोडपण्यात आले. आक्रोश ऐकून आईबाप शाळेपुढे जमले आणि शिक्षकांना त्यांनी खडसावले. त्यावर न्यायालयात उभे केले गेले ते मारणारे नव्हेत, जाब विचारणारे. नोव्हेंबरमध्ये ग्निएझ्नो येथे खटला चालला. नेपोमुत्सेना पिआसेत्स्का या एका मातेस अडीच वर्षांचा तुरुंगवास ठोठावण्यात आला. या निकालाने प्रशियाने काय मिळविले? जे गाव पोलंडमध्येही अनेकांस ठाऊक नव्हते, ते युरोपभरच्या वृत्तपत्रांत झळकले. शिएंकिएविचसारख्या लेखकाने लेखणी उचलली. १९०६-०७ मध्ये पोझनान प्रांतातील हजारो मुले शाळांमध्ये तोच संप करून बसली.

परंतु केवळ संतापावर कोणताही समाज शतकभर टिकत नाही. या प्रांतातील पोलिशांनी शस्त्रापेक्षा हिशेबाची वही अधिक चिकाटीने हाती धरली. कारोल मार्चिन्कोव्स्की या वैद्याने १८४१ मध्ये गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी संस्था काढली. १८८० मध्ये लोकवाचनालयांची चळवळ उभी राहिली आणि शाळेने नाकारलेली पोलिश पुस्तके खेड्यांत पोहोचू लागली. प्योत्र वाव्झिन्याक या धर्मगुरूने सहकारी पतपेढ्यांचे जाळे विणले. सरकारी आयोग तिजोरी घेऊन उतरला, तेव्हा समोर शेतकऱ्यांच्या पै-पैच्या ठेवी उभ्या होत्या. १९१८ पर्यंत आयोगाने सुमारे बावीस हजार कुटुंबे वसविली. पण प्रांताचा पोलिश चेहरा त्याला बदलता आला नाही. डिसेंबर १९१८ मध्ये पोझनानमध्ये उठाव झाला, तेव्हा व्झेश्न्या पहिल्या काही दिवसांतच मुक्त झाले.

येथवरची कथा अभिमानाची आहे. पुढची सांगताना पोलिश इतिहासकारांनाही अडखळावे लागते. आता राज्य पोलिशांचे आणि अल्पसंख्य जर्मन. आयोगाने वसविलेल्या जर्मन शेतकऱ्यांना जमिनीवरून हटविण्यासाठी १९२० मध्ये कायदा झाला. ज्या जमिनी आपल्याला हुसकावण्यासाठीच खरीदल्या गेल्या, त्या परत घेण्यात वावगे काय, हा पोलिशांचा सवाल निराधार नव्हता. तथापि १९१९ च्या अल्पसंख्याक करारावर सही त्यांचीच होती. १० सप्टेंबर १९२३ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की पोलंडची ही कृती त्या कराराशी सुसंगत नाही. दशकाच्या मध्यापर्यंत पश्चिम पोलंडमधील निम्म्याहून अधिक जर्मनांनी घरदार सोडले होते. कोणी दडपणाने, कोणी स्वखुशीने. त्यांच्या कैफियतींचे भांडवल पुढे बर्लिनमध्ये हिटलरने केले.

१९३९ मध्ये जर्मनी परतला, तो बिस्मार्कचा नव्हता. हा मुलूख ‘वार्थेलँड’ या नावाने थेट राइखला जोडला गेला. त्याचा अधिपती आर्थर ग्रायझर याने पोलिश शाळा बंद पाडल्या, बहुतेक चर्चना कुलपे ठोकली आणि लक्षावधी लोकांना घराबाहेर काढले. ज्यूंची तर कत्तलच झाली. प्रशियाचा छडीवाला शिक्षक यापुढे सौम्य वाटावा! जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा आल्या, जर्मन रहिवासी पश्चिमेकडे पळाले, उरलेल्यांना घालवून देण्यात आले. ग्रायझर १९४६ मध्ये पोझनान येथेच फासावर गेला.

ज्या शाळेत मुलांना छड्या बसल्या, तिच्या इमारतीत आज ‘व्झेश्न्याची मुले’ यांच्या नावाचे संग्रहालय आहे. गावाच्या वेशीबाहेर २०१६ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. त्यासाठीची जमीन मात्र या वेळी रीतसर सौदा करून घ्यावी लागली.