गहाणाचा कागद आणि वकिलाचे कर्तव्य

जुन्नर किंवा घोडेगावच्या दुय्यम निबंधकासमोर अडलेला शेतकरी अंगठा उठवतो, तेव्हा आपण जमीन गहाण टाकीत आहोत, अशीच कित्येकदा त्याची समजूत असते. कागद मात्र खरेदीखताचा असतो. पैसे फेडताच जमीन परत देण्याचे वचन एक तर तोंडी, नाही तर निराळ्या कागदावर. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील १९२९ च्या दुरुस्तीनुसार, परतीची अट त्याच खरेदीखतात नमूद नसेल तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. गहाण ठरले तर जमीन सोडविण्याच्या दाव्यास तीस वर्षांची मुदत आहे. फेरखरेदीच्या करारात ठरलेली तारीख हुकली की बहुधा सारेच बुडाले. शेतकऱ्यास हा बारकावा ठाऊक नसतो. दस्त तयार करणाऱ्या वकिलास तो पक्का ठाऊक असतो.

आपला पक्षकार सावकार, शेतकऱ्याशी आपले देणेघेणे नाही, असे हे वकील म्हणतील. ठीक आहे. मग तसे त्या शेतकऱ्यास तोंडावर सांगावे आणि सही करण्यापूर्वी दुसरा वकील गाठावयास लावावे. दोघांचा कागद लिहावयाचा आणि धोका एकापासून दडवावयाचा, याला सावकारीतील भागीदारी हेच नाव शोभते.

पुणे जिल्ह्याने हे पूर्वी भोगले आहे. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे दस्त गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिण्याची तरतूद केली. खरेदीखतामागे मुळात गहाण आहे काय, हे तपासण्याची मुभा न्यायालयांना १९०७ साली मिळाली. परक्या सरकारला सुचलेले हे संरक्षण आज उरलेले नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याने बेकायदा सावकाराकडील जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला खरा. परंतु ती दाद जमीन गेल्यानंतरची.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांची गोष्ट याहून गंभीर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे गहाणसुद्धा टाकता येत नाही. हे ठाऊक असूनही जो वकील असा कागद लिहितो, त्याच्याविरुद्ध वकील परिषदेकडे तक्रार गेली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी तक्रारीची वाट पाहू नये. तालुका विधी सेवा समितीकडून आदिवासींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सहीच्या आदल्या दिवशी कागद तेथे वाचून घेतला जाईल, एवढी व्यवस्था गावोगावच्या शाखांना सहज करता येईल.